बारा तारखेपर्यंतची माणसं

१

हरिश्चंद्र भोईर शनिवारी, सव्वीस जुलैला गेले आणि सोमवारी सकाळी त्यांच्या मुलीनं माझ्या भाचीच्या कानाखाली वाजवली. भाईंदर पश्चिमेला साठ फुटी रस्त्यावर एक हृदय केंद्र आहे. तिथे, पस्तीस-चाळीस पेशंटांसमोर. रुचिता तिथल्या काउंटरवर बसायची. संध्याकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा नोकरीही गेली होती.

भोईर उत्तनकडच्या डोंगरीचे. वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपूर्वी हृदयातली झडप बदललेली. अशा माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. कमी पडली तर रक्ताची गाठ होते, जास्त झाली तर आतल्या आत रक्त वाहतं. म्हणून ठरल्या दिवशी रक्त तपासून गोळी कमी-जास्त करायची. सत्तावीस जूनला डॉक्टरांनी त्यांची गोळी वाढवली आणि आठ जुलैला परत बोलावलं. ते आलेच नाहीत. वाढवलेली गोळी महिनाभर तशीच चालू राहिली आणि मेंदूत रक्तस्राव झाला.

“आम्हाला सात ऑगस्ट दिली होती!” त्यांची मुलगी क्षितिजा काउंटरवर हात आपटून ओरडत होती. “सात ऑगस्ट!”

आवाज ऐकून केंद्राचे व्यवस्थापक जितेंद्र सर बाहेर आले. माणूस शांत, इस्त्रीतला. त्यांनी क्षितिजाच्या हातातून तिच्या वडिलांचा मोबाईल मागून घेतला. जानेवारीपासून केंद्रात कागदी कार्ड बंद झालं होतं. पेशंटला मेसेज जायचा, त्यातल्या लिंकवर दाबलं की पुढची तारीख दिसायची. सरांनी सगळ्यांच्या देखत लिंक दाबली आणि मोबाईल क्षितिजासमोर धरला.

पुढील तपासणी : 8 जुलै 2025.

“सिस्टिममध्ये आठ जुलै आहे, तुमच्या मोबाईलवरही आठ जुलै आहे,” सर म्हणाले. “सात ऑगस्ट तुम्हाला कोणीतरी तोंडी सांगितलेली दिसते.” आणि त्यांनी मान वळवून रुचिताकडे पाहिलं. बस, एवढंच. पुढचं क्षितिजाच्या हातानं केलं.

दुपारी सरांनी रुचिताकडून लिहून घेतलं, की आपल्याकडून तोंडी चुकीची तारीख सांगितली गेली असण्याची शक्यता आहे.

“मावशी, मी तारीख कोणाला सांगतच नव्हते,” रुचिता म्हणाली. गाल अजून लाल होता. “सरांची ताकीदच होती, मोबाईलवर बघा म्हणायचं. पेपरलेस म्हणजे पेपरलेस.”

“मग सही का केलीस?”

“ते म्हणाले, सही केलीस तर तुझं नाव पोलिसात देणार नाही.”

मी एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढली. तारीख आकड्यात लिहायची, मग अक्षरात लिहायची, मग नातेवाइकाला वाचून दाखवायची. रडणाऱ्या माणसाला दोनदा वाचून दाखवायची. मेलेल्या माणसाची तारीख चुकली तर फार काही बिघडत नाही, तरी आम्ही चुकू देत नव्हतो. इथे जिवंत माणसाची चुकली होती.

“तिथलं काही तुझ्याकडे उरलंय?” मी विचारलं.

तिनं पर्समधून एक चुरगळलेली वही काढली. “न आलेल्या पेशंटांची नावं-नंबर लिहून ठेवायचे. आधी त्यांना फोन करायचे मी. मग फेब्रुवारीअखेर सरांनी ते काम बंद केलं. तरी लिहीत राहिले, सवय म्हणून.”

वहीत शेवटचं नाव हरिश्चंद्र भोईर यांचं नव्हतं. त्यांच्यानंतर आणखी एक होतं.

२

मार्चपासून चौदा नावं होती. रुचितानं एकेक आठवून सांगितलं. एक बाई आधीच वारली होती. दोघं गावी गेले होते, एक लांज्याला, एक महाडला. त्या तिघांच्या तारखा होत्या एकोणीस, चोवीस आणि सत्तावीस.

उरले अकरा. कोणी का आलं नाही ते तिला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या तारखा एका कागदावर ओळीनं उतरवल्या. पाच मार्च, सात मार्च, पाच एप्रिल, नऊ एप्रिल, अकरा एप्रिल, आठ मे, नऊ मे, दहा जून, अकरा जून, आठ जुलै, नऊ जुलै.

मी तो कागद बराच वेळ समोर ठेवला. तारखा वाचायची नजर इतक्या वर्षांत झालेली असते.

“रुचिता, बारा तारखेच्या पुढे एकपण नाही.”

“म्हणजे?”

“महिन्याच्या शेवटी काय कमी पेशंट असतात?”

“उलट जास्त.”

“मग वीस तारखेला बोलावलेला माणूस बरोबर येतो आणि आठ तारखेला बोलावलेला विसरतो, असं कसं?”

तिनं तारखांवरून पुन्हा बोट फिरवलं. एक नक्की होतं. तोंडी सांगताना जीभ घसरली तर ती कुठल्याही तारखेला घसरते. बारापर्यंतच घसरून थांबत नाही.

“तारखेवरून कधी कोणी भांडलं होतं? भोईरांच्या आधी?”

“भांडलं नाही. पण फोन यायचे मधूनमधून, मॅडम, होऊन गेलेली तारीख दाखवतंय म्हणून. मी कॉम्प्युटरवर बघून खरी तारीख सांगायचे. विषय संपायचा.” मग तिनं वहीची मागची पानं उलटली. “एक उत्तनची आजी होती, विमलाबाई. पाच एप्रिलवाली. मी मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्टीवर होते तेव्हा ती येऊन गेली म्हणे. बदलीवरच्या मुलीनं वहीत लिहिलंय बघ.”

पाच एप्रिलच्या नावापुढे निळ्या शाईनं दोन ओळी होत्या. पेशंट काल चार मेला आली होती, केंद्र बंद होतं. आज परत आली.

मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं चाळलं. चार मे रविवार होता. केंद्र रविवारी बंद असतं. काउंटरवर बसणारं कोणीही पेशंटला रविवार देत नाही, झोपेतसुद्धा नाही.

मग विमलाबाईंना रविवार दिला कोणी?

३

उत्तनला बस कोळीवाड्याच्या अलीकडे सोडते. विमलाबाई ओटीवर बसून सुकट निवडत होत्या. सत्तरीच्या, आवाज खणखणीत. मी केंद्राचं नाव काढताच त्यांनी सूप खाली ठेवलं.

“तारीक ना? त्या तारकेवरून या घरान दोन दिवस कोन कोनाशी बोलत न्हवता,” त्या म्हणाल्या आणि सुनेला हाक मारली.

सून मंदा हात पुसत बाहेर आली. तीही हसत नव्हती. “आईंना मेसेज आला, तो त्यांनी मला पाठवला,” ती सांगू लागली. “मी माझ्या मोबाईलवर लिंक उघडली तर पाच-चार. म्हणजे पाच एप्रिल. आईंनी त्यांच्या मोबाईलवर उघडली तर चार-पाच. त्या म्हणाल्या चार मे. मी म्हटलं, आई, तुम्ही उलटं वाचताय. त्या म्हणाल्या, तू मला शिकवू नको.”

“माज्या मोबाईलवर चार आधी हुता. मना आकडे वाचता येतान,” विमलाबाई म्हणाल्या. “ही बोलली चार मे रविवार हाय. मी बोललू, रविवार तं रविवार, डॉक्टरला काय न्हाय कलत?”

“एकच लिंक? दोन मोबाईल?” मी विचारलं.

“एकच,” मंदा म्हणाली. “शेजारी शेजारी धरून बघितले. दोन्हीत वेगळी.”

“हा मोबाईल कोणी घेतला तुम्हाला?”

“पोऱ्यानं. जहाजावर हाय तो. भायेरून आनला.”

मी मोबाईल हातात घेतला. सगळं इंग्रजीत होतं. मंदाचा मोबाईल मराठीत होता. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मी फक्त कागदावर टिपून ठेवलं.

“पाच मेला परत गेलात तेव्हा तिथे कोणाला दाखवलंत हे?”

“त्या पोरीला दाखवला. तिला काय समजला न्हाय. मंग तो मोटा सायेब भायेर आला. कडक कपड्यांचा. माजा मोबाईल घेतलान, लई येल बगत बसला. मंग त्याच्या मोबाईलवर बगितलान. मंग बोलला, आजी, तुमचा मोबाईल बिघडलाय.”

“साहेबानं स्वतः दोन्ही बघितले?”

“या डोल्यांनी बगितला मी.”

म्हणजे जितेंद्र सरांना पाच मेला ठाऊक होतं, की एकच लिंक दोन मोबाईलवर दोन तारखा दाखवते. आणि अठ्ठावीस जुलैला तेच सर चाळीस माणसांसमोर छातीठोकपणे म्हणत होते की तारीख कोणीतरी तोंडी सांगितली असणार.

पण एक गोष्ट बसत नव्हती. भोईरांच्या मोबाईलवर त्या दिवशी आठ जुलैच दिसली होती. माझ्या भाचीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. बिघाड होता, तर तो गेला कुठे?

४

डोंगरी परतीच्या वाटेवरच होती. भोईरांच्या घरी अजून तेरावंही झालं नव्हतं. क्षितिजानं दार उघडलं. तिशीच्या आतली, मीरा रोडला कुरियर कंपनीच्या ऑफिसात कामाला. मी रुचिताची मावशी म्हटल्यावर तिचा चेहरा दगडासारखा झाला.

“माफी मागायला आलात की मागायला लावायला?”

“दोन्हीसाठी नाही. सात ऑगस्ट तुम्हाला कोणी सांगितली, एवढंच विचारायला आलेय.”

“कोणी नाही सांगितली. दिसली. मोबाईलवर. सात, आठ, दोन हजार पंचवीस. बाबांनी वाचली, मी वाचली. मी ऑफिसात सुट्टी टाकली होती सातची, अर्ज आहे माझा.”

तिनं खरंच अर्जाचा फोटो दाखवला. तीस जूनचा अर्ज, सात ऑगस्टच्या सुट्टीचा. आपला बाप मेल्यावर खोटं रचायला बसणारी मुलगी महिनाभर आधी सुट्टी टाकत नाही. तिच्याबद्दलचा संशय मी तिथेच सोडला.

“मग सोमवारी आठ जुलै कशी दिसली?”

क्षितिजा खाली बसली. पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला. “तेच मला कळत नाही. मी कोणाला सांगितलं नाही, वेडी म्हणतील. आधी सगळे आकडे होते हो. आकडे, मध्ये तिरक्या रेघा. सोमवारी सरांनी उघडलं तेव्हा जुलै हा शब्द होता. अक्षरात लिहिलेला. मला वाटलं माझंच डोकं फिरलंय.”

“डोकं फिरलेलं नाही तुमचं. मधल्या दिवसांत पान बदललं कोणीतरी. बाबा गेले त्या शनिवारी तुम्ही कोणाशी बोलला होतात?”

“डॉक्टर जागेवर नव्हते. दुपारी तीन-साडेतीनला मी केंद्रात फोन केला, सरांनी उचलला. मी ओरडले, सात ऑगस्ट दिलीत आणि माझे बाबा आज गेले. ते सॉरी म्हणाले आणि ठेवला.”

“आणखी कोणाला सांगितलं होतंत?”

“सोमवारपर्यंत कोणालाच नाही.”

आतून तिच्या आईनं पाणी आणून ठेवलं आणि न बोलता परत गेली. निघताना मी सहज विचारलं, बाबांचा मोबाईल कुठून घेतला होता.

“मीच घेतला दिवाळीत. मीच लावून दिला.”

मी मान हलवली आणि बाहेर पडले. त्या वाक्याचं वजन मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

५

केंद्राच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ते बनवणाऱ्याचं नाव होतं. अभिनव मीरा रोडला शांत गल्लीत एका खोलीत एकटाच काम करायचा. सहा ऑगस्टला सकाळी मी त्याच्या दारात उभी राहिले. केंद्राचं नाव ऐकताच तो मला आत या म्हणायचं विसरला.

“मी केंद्राकडून आलेली नाही,” मी म्हटलं. “भोईर म्हणून एक पेशंट गेले, त्यांच्याबद्दल आलेय. आठ जुलै एखाद्या मोबाईलवर सात ऑगस्ट कशी होते, ते मला समजावून सांग. मी कॉम्प्युटरवाली नाही. सावकाश सांग.”

तो बसला. सांगताना त्याची नजर जमिनीवर होती.

“काकू, आतमध्ये तारीख एकच असते. वर्ष दोन हजार पंचवीस, महिना सातवा, दिवस आठवा. ती कधीच चुकली नाही. पण माणसाला दाखवताना कुठल्या पद्धतीनं दाखवायची ते सांगावं लागतं. आपल्याकडे आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. हे पान ज्या भाषेत लिहिलंय त्या जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी तयार सोय आहे. तिच्या कंसात लिहायचं, अमुक भाषा, अमुक देश. मी कंस रिकामा सोडला.”

“रिकामा सोडला की काय होतं?”

“मग ते ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याच्या मोबाईलला विचारतं, तुझी भाषा कुठली. मोबाईल जे सांगेल तसं दाखवतं. माझ्या लॅपटॉपवर भारतातलं इंग्रजी आहे. मी शंभरदा तपासलं, शंभरदा बरोबर आलं.”

“दाखव मला.”

त्यानं जुनं पान लॅपटॉपवर चालू केलं आणि माझ्या मोबाईलवर उघडून दिलं. माझा मोबाईल मराठीत आहे. ८/७/२०२५. त्यानं भाषा बदलून भारतातलं इंग्रजी केली. 8/7/2025. मग त्यानं अमेरिकेचं इंग्रजी निवडलं.

7/8/2025.

बोट तेच, मोबाईल तोच, पान तेच. सात ऑगस्ट.

“नवा मोबाईल चालू केला की पुष्कळदा हेच इंग्रजी सगळ्यात वर येतं,” अभिनव म्हणाला. “लोक पुढे, पुढे दाबत जातात.”

“आणि तेरा तारखेपासून पुढे कोणी चुकलं नाही, कारण तेरावा महिना नसतो.”

त्यानं दचकून वर पाहिलं. “हो. 7/19 दिसलं तर माणूस आपोआप एकोणीस जुलै वाचतो.”

“आणि तीन मे असली तर?”

“पाच मार्च वाटते. होऊन गेलेली. मग तो फोन करून विचारतो आणि त्याचा जीव वाचतो. उलटी केलेली तारीख पुढची निघाली, तरच तो घरी थांबून राहतो.”

वहीतली अकराच्या अकरा नावं त्यात बसली. रुचिताला आलेले फोनही बसले. कोडं सुटलं होतं आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नव्हता.

“तुला हे कधी कळलं?”

त्यानं ते जुनं पान बंद केलं.

“पाच मेला एक आजी रविवारची तक्रार घेऊन आल्या होत्या. सरांनी तुला विचारलं असेल.”

अभिनवनं उठून दोन कागद छापले आणि माझ्यापुढे ठेवले. पहिला सहा मेचा, त्यानं सरांना पाठवलेला मेल. चूक सापडली आहे, एका ओळीची दुरुस्ती तयार आहे, महिना अक्षरात दिसेल. मात्र ज्यांना पुढच्या तारखा गेल्या आहेत त्यांना एकदा फोन करून खात्री करावी. त्याच दिवसाचं सरांचं उत्तर खाली होतं. पंधरा मेला बाहेरच्या डॉक्टरांना सिस्टिम दाखवायची आहे. तोपर्यंत कशालाही हात लावू नका. पेशंटना फोन करायचे नाहीत, विनाकारण गोंधळ होईल.

“पंधरा मेनंतर?”

“दोनदा विचारलं. ते म्हणाले, बघू. मग त्यांनी मला आणखी दोन दवाखान्यांचं काम मिळवून दिलं.” तो अडखळला. “मग मी विचारायचं सोडलं.”

दुसरा कागद सव्वीस जुलैचा. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सरांचा मेसेज: ते मे महिन्यातलं आत्ता टाक. क्षितिजाचा फोन तीन-साडेतीनचा होता.

“कोणी गेलंय हे मला तेव्हा माहीत नव्हतं,” अभिनव म्हणाला. “सोमवारी कळलं.”

“आणि आज बुधवार आहे, नंतरच्या आठवड्यातला. मी आले नसते तर?”

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकले. त्यानं अडवलं नाही, एवढंच त्याच्या बाजूनं सांगता येईल. बाहेर पडताच मी रुचिताला सांगून वहीतल्या नऊ जुलैवाल्या पेशंटला, आजच रक्त तपासून घ्या, म्हणून फोन करवला.

६

जितेंद्र सरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. दोन्ही कागदांच्या प्रती शांतपणे वाचल्या. मी चढ्या आवाजात बोलायचं ठरवून गेले होते, पण समोरचा चढत नसला की आपला आवाज आपल्यालाच खटकतो.

“मॅडम, एक सांगा,” ते म्हणाले. “आमच्या सिस्टिममध्ये तारीख बरोबर होती की नव्हती?”

“होती.”

“रुग्णाच्या मोबाईलच्या भाषेमुळे ती उलटी दिसली. हेच म्हणताय ना तुम्ही?”

“हो. आणि तुम्हाला ते पाच मेला ठाऊक होतं. भोईरांना तारीख गेली सत्तावीस जूनला. मधल्या सात आठवड्यांत एक ओळ बदलायची होती. तुम्ही ती बदललीत माणूस मेल्यावर, चाळीस मिनिटांत. आणि दोष टाकलात काउंटरवरच्या पोरीवर.”

“एका आजीच्या मोबाईलवरून मी अख्ख्या केंद्राच्या कामावर शंका घ्यायची?”

“फोन करायचे होते. रुचिता करत होती. तुम्ही तेही बंद केलंत.”

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आता कोसळेल. मग ते वळले. “रुचिताची चूक नव्हती, हे मला मान्य आहे. तिला सोमवारपासून येऊ द्या. तसं पत्रही देतो.”

मी जिंकल्यासारखी घरी आले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मूर्ख तास.

पत्र शनिवारी आलं. चौकशीअंती काउंटरवरील कर्मचाऱ्याचा दोष आढळलेला नाही. रुग्णाच्या मोबाईलमधील भाषेची निवड चुकीची असल्याने तारीख वेगळी दिसली. मोबाईल योग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी रुग्ण व त्याच्या नातेवाइकांची आहे. मे महिन्याचा उल्लेख नाही, मेलचा नाही, दुरुस्तीचा नाही. खाली लिहिलं होतं, प्रत माहितीसाठी भोईर कुटुंबास.

भाषेचं ते वाक्य मीच त्यांच्या खोलीत बसून त्यांना पुरवलं होतं. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं.

रुचितानं पत्र दोनदा वाचलं. “मावशी, मी जाते परत.”

“याच माणसाकडे?”

“मग कुठे? माझ्या सहीचा कागद आहे त्यांच्याकडे. दुसरा कोण घेणार मला? आणि आता तू पुढे काही करू नको. तुझ्या पाया पडते.” तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. “ती बाई मला मारून गेली. तिच्यासाठी मी परत घरी बसू?”

सोमवारी सकाळी ती डबा घेऊन कामावर गेली आणि मी डोंगरीची बस धरली.

७

पत्र माझ्याआधी पोचलं होतं. क्षितिजा ओटीवर बसली होती, मांडीवर पत्र आणि हातात वडिलांचा मोबाईल.

“कुठे असतं ते? भाषेचं?” तिनं विचारलं.

“क्षितिजा, आधी माझं ऐक. हे कागद बघ. त्यांना मे महिन्यात...”

“दाखवा ना. कुठे असतं?”

मी दाखवलं. तिनं स्क्रीनवरची ओळ वाचली. अमेरिकेचं इंग्रजी.

“बाबांना इंग्रजी येत नव्हतं,” ती म्हणाली. “आकडे तेवढे यायचे. मराठी छान वाचायचे, पेपर अख्खा वाचायचे. मोबाईल मराठीत ठेव म्हणाले होते मला. पण मराठीत ठेवलं की मला काही सापडत नाही. सारखं त्यांना काहीतरी करून द्यावं लागायचं. म्हणून मी माझ्या सोयीनं ठेवलं.”

मला तिला सांगायचं होतं की हजारो माणसं असंच करतात. सांगितलंही. तिनं ऐकून घेतलं. मग मी सहा मेचा कागद तिच्या हातात दिला, उत्तरासकट. सव्वीस जुलैचाही दिला. ती वाचत गेली तसतसा तिचा श्वास मोठा होत गेला.

“म्हणजे बाबांना तारीख द्यायच्या आधीपासून माहीत होतं.”

“सात आठवडे आधीपासून.”

“तुम्हाला हे सगळं कधी कळलं?”

“सहा तारखेला.”

“आणि तुम्ही आधी त्यांच्याकडे गेलात. माझ्याकडे नाही आलात.”

माझ्याकडे त्याला उत्तर होतं. रुचिताची नोकरी. ते मी दिलं नाही. तिला ते न सांगताही कळलं होतं.

तिनं आतून कोरे कागद आणले. पोलिसांत द्यायचा अर्ज आम्ही तिथेच लिहायला घेतला. मी सांगत होते, ती लिहीत होती. पाच मेची विमलाबाईंची तक्रार, सहा मेचा मेल, बंद केलेले फोन, सव्वीस जुलैचा मेसेज, बदललेलं पान. अभिनवचं नाव. अर्ज पुरा झाला असं मला वाटलं तेव्हा ती थांबली नाही. तिनं स्वतःच्या मनानं आणखी एक ओळ लिहिली: वडिलांचा मोबाईल मी लावून दिला होता, त्यांनी मराठी सांगितली असताना मी इंग्रजी ठेवली.

“हे नको लिहूस,” मी म्हटलं. “त्यांचा वकील एवढंच उचलेल. बाकीचं सगळं बाजूला पडेल.”

“खरं आहे ना पण?”

“आहे.”

“मग असू दे. त्या सगळ्यांनी आपापलं झाकलंय. तुम्हीसुद्धा.”

तिनं खाली सही केली. आतून तिच्या आईनं विचारलं, कोण आलंय गं. क्षितिजानं कागद पालथा केला.

“निघा तुम्ही आता,” ती हळू आवाजात मला म्हणाली. “आईला यातलं काही माहीत नाही. पोलीस ठाण्यात जायच्या आधी मला तिला सांगायचंय.”

मी चपला घातल्या. ती उठून आत गेली, आणि मी फाटकापर्यंत पोचायच्या आतच आतून येणारा तिच्या आईच्या भांड्यांचा आवाज थांबला.